पायाखालचं ऊन

कोजागरीची रात्र होती. वाईच्या घराची गच्ची चांदण्यानं धुऊन निघाली होती. शेगडीवर दूध आटत होतं आणि थोरला नातू पातेल्याच्या कडेची साय डावानं खरवडून आत ढकलत होता. धाकटी नात चटईवर उताणी पडून चंद्राकडे बघत होती. बारा वाजायला आले होते.

"आजोबा, सूर्य आत्ता कुठे असेल हो?"

मी फरशीवर टाच आपटली. "इथे. बरोबर याच्या खाली. आज पौर्णिमा ना? चंद्र डोक्यावर, म्हणजे सूर्य पायाखाली. पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, पॅसिफिक महासागरावर आत्ता भर दुपार आहे."

"म्हणजे त्याचं ऊन आता सगळं तिकडच्यांना."

"उजेड तिकडच्यांना. पण सूर्याकडून आणखी एक वस्तू येते, ती आपल्यालाही मिळते, रात्रीसुद्धा. आत्ता ती पृथ्वीच्या पोटातून, खालच्या माजघरातून, या चटईतून वर येते आहे. तुझ्या पाठीत शिरून, पोटातून बाहेर पडून चंद्राच्या दिशेनं चालली आहे."

ती ताडकन उठून बसली आणि चटई उचलून खाली बघू लागली.

त्या वस्तूचं नाव न्यूट्रिनो. तुझ्या अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला सहा हजार कोटींहून जास्त न्यूट्रिनो आरपार जातात. दिवसा वरून खाली, रात्री खालून वर. पृथ्वीची अख्खी जाडी म्हणजे पावणेतेरा हजार किलोमीटर. दगड, लोखंडाचा तप्त गाभा, सगळं त्यात आलं. ते ओलांडायला त्यांना सेकंदाचा विसावा हिस्साही पुरतो. वाटेत ना थांबणं, ना वळणं. आणि बाळा, तुला काही म्हणजे काही कळत नाही.

"मग ते आहेत हे तुम्हाला तरी कसं कळलं?" थोरल्यानं डाव थांबवला.

गोष्ट खरी तिथेच सुरू होते. पण आधी ते जन्मतात कुठे ते ऐका.

सूर्याच्या पोटात मध्यभागी एक चूल आहे. तिथली उष्णता दीड कोटी अंश. दाटी एवढी की तिथला वाटीभर वायू वाटीभर शिशाच्या तेरापट भरेल. त्या गर्दीत हायड्रोजनची चार केंद्रकं टप्प्याटप्प्यानं एकत्र येतात आणि हीलियमचं एक केंद्रक तयार होतं. तोलायला गेलं तर त्या चौघांच्या वजनापेक्षा हे एक किंचित हलकं भरतं. तेवढं वजन जातं कुठे? तेच ऊन होतं. सूर्य दर सेकंदाला सुमारे चाळीस लाख टन वजन असं उजेडात उधळतो. आणि प्रत्येक हीलियममागे दोन न्यूट्रिनो जन्माला येतात. चारांतल्या दोन प्रोटॉनांना न्यूट्रॉन व्हावं लागतं, आणि त्या प्रत्येक बदलात एक न्यूट्रिनो बाहेर पडतो.

आता त्या चुलीपासून दोन पाहुणे एकाच वेळी निघाले असं समजा. एक उजेड, एक न्यूट्रिनो. उजेडाची गत आषाढीला पंढरपुरात वाळवंटातून देवळाकडे निघालेल्या म्हाताऱ्यासारखी. दोन पावलं पुढे की कुणाचा तरी खांदा लागला, वळला डावीकडे. पुन्हा दोन पावलं, पुन्हा धक्का, आला मागे. असा हेलकावत तो सूर्याच्या पृष्ठभागापाशी पोचेपर्यंत हजारो वर्षं जातात. काही हिशेबांत लाखाच्याही वर. निघताना तो एकच कडक किरण असतो. वाटेत त्याचे वाटे पडत पडत हजारो मवाळ किरण होतात, आणि तेच आपल्या अंगणात पडतात. सकाळी तुम्ही अंगावर घेता त्या उन्हाची ऊब सूर्याच्या चुलीत निर्माण झाली तेव्हा माणूस दगडाची हत्यारं घेऊन शिकारीमागे धावत होता.

आणि न्यूट्रिनो? त्याला कुणाचाच खांदा लागत नाही. सात लाख किलोमीटरची ती गर्दी तो सव्वादोन सेकंदांत ओलांडतो. मग मोकळं आकाश, आठ मिनिटं आणि थोडे सेकंद, की तो आपल्या गच्चीवर हजर. उजेड सूर्याच्या चुलीची फार जुनी बातमी आणतो. आत्ता ती चूल पेटलेली आहे का, हे सांगणारा एकच, न्यूट्रिनो.

बातमी आणतो खरा, पण दार वाजवत नाही. ती त्याच्याकडून ऐकायची कशी?

*

हा पाहुणा प्रत्यक्ष दिसण्याआधी नुसत्या हिशेबात सापडला होता. काही मूलद्रव्यं आपणहून इलेक्ट्रॉन बाहेर टाकतात. त्यांच्या जमाखर्चात ऊर्जा दर वेळी कमी भरायची. खतावणी तपासून तपासून लोक थकले. १९३०च्या डिसेंबरात वोल्फगांग पाउली या शास्त्रज्ञानं झुरिचहून एका सभेला पत्र लिहिलं. स्वतः जायला जमणार नव्हतं, कारण त्याच सुमारास झुरिचला नाचाचा एक मोठा समारंभ होता आणि त्याला तो चुकवायचा नव्हता. पत्रात त्यानं सुचवलं, की एक फार हलका, विजेचा भार नसलेला कण ती उरलेली ऊर्जा घेऊन गुपचूप पळत असावा. जो सापडण्याची आशा नाही असा कण आपण मांडला, याची त्यालाच रुखरुख लागली होती. एन्रिको फर्मीनं त्या कणाचं 'न्यूट्रिनो' हे नाव रूढ केलं. न्यूट्रिनो म्हणजे इटालियन भाषेत 'छोटासा तटस्थ'. अणुभट्टीशेजारी तो खरोखर पकडला गेला १९५६ साली, रेनेस आणि कोवन या जोडीकडून. पत्राला तोवर सव्वीस वर्षं होत आली होती.

आता सूर्याकडचे पकडायचे होते. इथे येतो रे डेव्हिस. या माणसाची गोष्ट सांगताना माझा आवाज नेहमी जरा हळू होतो.

अमेरिकेच्या दक्षिण डाकोटा राज्यात होमस्टेक नावाची सोन्याची खाण होती. डेव्हिसनं तिच्यात दीड किलोमीटर खाली एक दालन खोदून घेतलं. इतकं खाली का? आकाशातून सतत दुसऱ्याही कणांचा पाऊस पडत असतो, त्यांच्या गोंगाटात न्यूट्रिनोची कुजबुज ऐकू येत नाही. तो पाऊस अडवायला डोंगराएवढं छप्पर लागतं. न्यूट्रिनोला ते छप्पर आहे काय नि नाही काय. त्या दालनात साडेचौदा मीटर लांबीची आडवी टाकी, आणि तिच्यात ६१५ टन परक्लोरोएथिलीन. नाव ऐकून घाबरू नका. तुझ्या आईची पैठणी आपण ड्राय क्लीनिंगला देतो ना, तिथे हाच द्रव वापरतात. परत आणलेल्या पैठणीच्या घडीतून येतो तो गोडसर वास त्याचाच.

त्या द्रवात क्लोरीन असतो. अगणित न्यूट्रिनो टाकीतून निघून जातात, एखादाच क्लोरीनच्या अणूला धडकतो, आणि त्या अणूचा आर्गॉन होतो. हिशेब होता दिवसाला जेमतेम दीड अणूचा. दीड! समुद्रात साखरेचा एक दाणा टाकून तो शोधण्यापेक्षाही हे काम अवघड. डेव्हिस महिना-दोन महिने वाट बघायचा, मग टाकीतून हीलियम वायूचे बुडबुडे सोडायचा. बुडबुडे तो चिमूटभर आर्गॉन धुऊन वर आणायचे, मग त्याला अतिथंड कोळशात अडकवायचं. हा आर्गॉन किरणोत्सारी, पस्तीस दिवसांत निम्मा विरणारा. एका इवल्याशा नळीत त्याचं एकेक विरणं मोजायचं.

पद्धतीवर विश्वास बसावा म्हणून डेव्हिसनं मुद्दाम मोजका आर्गॉन टाकीत सोडून पाहिला. जेवढा सोडला, जवळपास तेवढा परत मिळाला. टाकीच्या भोवती नंतर पाणी भरून घेतलं, खडकातून येणारे न्यूट्रॉन अडावेत म्हणून. १९७१चा एक फोटो आहे: जमिनीखाली दीड किलोमीटर, दिव्याच्या उजेडात, त्या पाण्यात डेव्हिस शांतपणे पोहतो आहे.

१९६८ साली पहिला निकाल आला. सूर्यात काय शिजतंय याचा हिशेब जॉन बाकॉलनं मांडला होता, आणि डेव्हिसच्या टाकीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच अणू मिळत होते. दिवसाला दीडाऐवजी अर्धा.

"मग कोण चुकलं?" थोरला शेगडी विसरला होता.

सगळं जग हेच विचारू लागलं. कुणी म्हणालं, टाकी गळते. कुणी म्हणालं, बाकॉलला सूर्य समजलेला नाही. कुणाला तर भीती वाटली, सूर्याची चूल विझत तर चालली नाही ना, उजेडाला कळायला हजारो वर्षं लागतात! डेव्हिस मोजत राहिला. पंचवीस वर्षं. बाकॉलही आपला हिशेब पुन्हा पुन्हा तपासत राहिला. दोघं एकमेकांना खोटं ठरवू शकले असते. ते शेवटपर्यंत मित्र राहिले. तिसरा हिस्सा तिसराच राहिला.

सोन्याच्या खाणीवरून आठवलं, आपल्याकडच्या लोकांनीही हीच वाट धरली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सव्वादोन किलोमीटरवर उपकरणं घेऊन बसले. जोडीला जपानचे आणि इंग्लंडचे सोबती. १९६५ साली तिथे न्यूट्रिनोंच्या खुणा सापडल्या. ते सूर्याचे नव्हते. विश्वकिरण आपल्या हवेवर आदळतात तेव्हा तयार होणारे होते. तसे न्यूट्रिनो जगात प्रथम नोंदले गेले त्यांत कोलारचं नाव आहे, आणि त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत बसलेल्या रेनेसच्या गटाचंही. कोलारचा लेख थोडे दिवस आधी छापून आला. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे ठळक अक्षरांत असायला हवं असं मला आजही वाटतं.

*

तर दोन हिस्से न्यूट्रिनो गेले कुठे?

तुमची आजी पहाटे तानपुरा लावायला बसायची ते मला आठवतं. मधल्या जोडीच्या दोन तारा एकाच षड्जावर आणायच्या असतात. त्या जवळजवळ जुळल्या, पण पुरत्या नाही, की आवाजात एक लाट यायची. फुगायचा, ओसरायचा, पुन्हा फुगायचा. दोन तारा तर एकसारख्याच वाजत असायच्या, पण त्यांची मिळून येणारी आस मात्र वर-खाली व्हायची. ती बोटानं मणी किंचित सरकवायची, लाट लांब लांब होत जायची आणि शेवटी स्वर एकसंध व्हायचा. तो तानपुरा आता खाली गवसणीत आहे.

न्यूट्रिनो असाच दोन-तीन तारांचा मिळून बनलेला आहे. त्याचे प्रकार तीन: इलेक्ट्रॉनचा सोबती, म्युऑनचा सोबती आणि टाऊचा सोबती. म्युऑन आणि टाऊ म्हणजे इलेक्ट्रॉनचेच जड भाऊबंद. सूर्यात जन्मतो तो इलेक्ट्रॉनचा सोबती. पण त्याच्या आत वेगवेगळ्या वजनाच्या लहरी एकत्र वाजत असतात, आणि त्यांची लय अगदी किंचित वेगळी असते. चालता चालता त्यांचा मेळ बदलतो, आणि इलेक्ट्रॉनचा सोबती म्हणून निघालेला वाटेत दुसऱ्याच रूपात दिसू लागतो. ब्रूनो पॉन्तेकोर्वो या शास्त्रज्ञाला १९५७च्या सुमारास ही कल्पना सुचली. डेव्हिसच्या क्लोरीनला फक्त पहिलं रूप ओळखता येत होतं. बाकीची दोन रूपं टाकीतून निघून गेली तरी त्याला पत्ता लागणार नव्हता.

पण नुसत्या या लाटेनं हिशेब नीट जुळेना. मोकळ्या आकाशातल्या फुगण्या-ओसरण्यानं जोरकस, म्हणजे जास्त ऊर्जेच्या, न्यूट्रिनोंचं इतकं मोठं रूपांतर समजावता येत नव्हतं. काहीतरी सूर्याच्या आत घडत होतं.

आणि आत तर, मी मघाशीच सांगितलं, न्यूट्रिनोला कुणाचा धक्का लागत नाही. कोट्यवधींतला एखादाच अडतो. मग सूर्य त्याला करणार काय?

१९७८ साली पिट्सबर्गच्या लिंकन वोल्फेनस्टाइननं याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. तांब्यातल्या पाण्यात चमचा वाकडा दिसतो ना? पाणी उजेडाला अडवत नाही. तो पलीकडे जातोच, फक्त पाण्यात त्याची चाल बदलते. तसंच न्यूट्रिनोचं. जत्रेत आपल्या गावचा एखादा माणूस घाईनं चाललेला असतो. कुणाशी थांबून बोलत नाही, कुणाला धडकत नाही. पण ओळखीचा चेहरा दिसला की ओझरता नमस्कार होतो, आणि तेवढ्यानंही चाल जराशी बदलते. सूर्यात इलेक्ट्रॉन खच्चून भरलेले आहेत. इलेक्ट्रॉनच्या सोबत्याला प्रत्येक पावलावर ओळखीची माणसं. म्युऑन आणि टाऊ मात्र तिथे औषधालाही नाहीत, म्हणून दुसऱ्या दोन रूपांना ती सगळी गर्दी परकी. चाल बदलते ती एकट्या पहिल्याची.

एवढ्या ओझरत्या नमस्कारानं काय होतं, ते १९८५ साली मॉस्कोच्या मिखेयेव आणि स्मिर्नोव्ह या दोघांनी दाखवलं. ते तोंडानं सांगून कळायचं नाही.

मी उठलो. गच्चीच्या कठड्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली असते, ती थोडी सैल केली. दोन सारखे तांबे घेतले, दोन्हींत कुंडीतली वाळू सारखी भरली, आणि सुतळीनं दोरीला हातभर अंतरावर टांगले.

आधी दोन्ही सुतळ्या सारख्या लांबीच्या ठेवल्या आणि डावा तांब्या झुलवला. उजवा स्थिर. पण दोरी दोघांची एकच. थोड्या वेळानं उजवा आपोआप हलू लागला, डावा मंदावत थांबला. मग उलटं. झोका या तांब्यातून त्या तांब्यात, पुन्हा परत. "हे मोकळ्या आकाशातलं," मी म्हणालो. "पॉन्तेकोर्वोचं."

मग डाव्याची सुतळी दोरीवरून पलीकडे घेतली, तिचं टोक माझ्या हातात धरलं आणि ती ओढून निम्मी केली. डावा तांब्या वर आला. आता त्याला झुलवलं तर तो भरभर झुलतो, आणि उजवा जवळजवळ ढिम्म. दोघांची लय जुळत नाही, म्हणून झोका पलीकडे जात नाही. हा सूर्याच्या पोटातला इलेक्ट्रॉनचा सोबती. ओळखीच्यांच्या दाटीनं त्याची लय पार वेगळी केली आहे; तो आपल्याच रूपात कोंडलेला आहे.

"आता नीट बघा." मी हातातली सुतळी सोडू लागलो, तसूतसूनं. सूर्याच्या मध्यापासून बाहेर येताना दाटी कमी कमी होत जाते, तसं. डाव्याची सुतळी लांबत लांबत उजव्याच्या जवळपास आली आणि उजवा थरथरला. मग झुलू लागला. मी हात थांबवला नाही, सोडतच राहिलो. डाव्याची सुतळी उजव्याहून लांब झाली तेव्हा डावा जवळजवळ निश्चल लोंबत होता आणि सगळा झोका उजव्याकडे होता. या वेळी तो परत आला नाही.

धाकटी जवळ येऊन दोन्ही तांब्यांकडे आळीपाळीनं बघत होती. "त्याला कुणी ढकललं नाही."

नाही ढकललं. दोघांची धडकही झाली नाही. सुतळी हळूहळू सुटली, एवढंच. भसकन सोडली असती तर झोका डाव्यातच राहिला असता. हवं तर उद्या करून बघा. सूर्यातली दाटी बाहेरच्या बाजूला अशीच हळूहळू विरळ होते, न्यूट्रिनोच्या लयीच्या मानानं अगदी सावकाश. म्हणून चुलीतून निघालेला जोरकस न्यूट्रिनो पृष्ठभागावर येईपर्यंत बहुतेक दुसऱ्या रूपात गेलेला असतो. सगळाच नाही. दोन्ही सुतळ्यांच्या लांबीत शेवटी फार फरक उरत नाही, म्हणून थोडा झोका पहिल्या तांब्यात राहतो. साधारण तिसरा हिस्सा.

"तिसरा हिस्सा!" थोरला ओरडला. "डेव्हिसचा!"

हो, डेव्हिसचा. सगळे न्यूट्रिनो मात्र इतके बदलत नाहीत. सूर्यातले बहुतेक न्यूट्रिनो मवाळ असतात, कमी ऊर्जेचे. त्यांच्यावर त्या दाटीचा फारसा परिणाम होत नाही. त्यांच्यातले निम्म्याहून थोडे जास्त मूळ रूपात आपल्यापर्यंत येतात. इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगराखालच्या बोरेक्सिनो प्रयोगानं मवाळ आणि जोरकस असे दोन्ही मोजले, आणि फरक अगदी तसाच निघाला.

*

पण हे खरं ठरवायला तिन्ही रूपं मोजणारी टाकी हवी होती. ती कॅनडात झाली. सडबरीजवळ निकेलची एक खाण आहे, तिच्यात दोन किलोमीटर खाली बारा मीटर व्यासाचा पारदर्शक ॲक्रिलिकचा पोकळ गोळा, आणि त्यात १००० टन जड पाणी. साध्या पाण्यातल्या हायड्रोजनला जोडीला एक न्यूट्रॉन असला की झालं जड पाणी. ते फार महाग. तीस कोटी कॅनेडियन डॉलरचं ते पाणी प्रयोगासाठी उसनं आणलं होतं, काम झाल्यावर परत केलं. खाणीच्या काळ्या धुळीतून चालत आलेल्या प्रत्येकानं आधी आंघोळ करायची, धुतलेले कपडे घालायचे आणि मगच आत पाऊल ठेवायचं. देवघराला एवढं सोवळं नसेल. धुळीचा कण म्हणजे किरणोत्साराचा कण, आणि तो न्यूट्रिनोसारखाच बोलतो.

जड पाण्याची खुबी अशी, की त्यात न्यूट्रिनो दोन तऱ्हांनी खूण सोडतो. एक खूण फक्त पहिल्या रूपाची. दुसरी तिन्ही रूपांची मिळून. आर्थर मॅकडोनाल्ड यांच्या गटानं २००१ आणि २००२ मध्ये निकाल जाहीर केले. पहिलं रूप एकूणाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, आणि तिन्हींची बेरीज बाकॉलच्या हिशेबाशी तंतोतंत. डेव्हिसची टाकी गळत नव्हती. बाकॉलला सूर्य बरोबर समजला होता. तीस वर्षांवर दोघंही खरं तेच सांगत होते. २००२ साली डेव्हिसला नोबेल मिळालं तेव्हा तो ८८ वर्षांचा होता.

दूध आटून घट्ट झालं होतं. मी केशर-वेलदोडा घातला. पेले भरता भरता धाकटीनं विचारलं, "मग न्यूट्रिनोला कुणीच अडवू शकत नाही?"

एक जागा आहे. मोठ्या ताऱ्याचं इंधन संपलं की त्याचा गाभा स्वतःच्याच भारानं सेकंदाहूनही कमी वेळात कोसळतो. तिथली माती चमचाभर काढता आली तर शंभर कोटी टनांच्या घरात भरेल. तेवढ्या दाटीत न्यूट्रिनोसुद्धा अडकतो. तोही मग पंढरपूरच्या म्हाताऱ्यासारखा धक्के खात, वळत, मागे येत वाट शोधतो. उजेडाला सूर्यात हजारो वर्षं लागतात, याला तिथे दहा सेकंद. पण न्यूट्रिनोनं दहा सेकंद अडकून पडायचं, म्हणजे केवढी भिंत! आणि तो बाहेर पडतो तेव्हा कोसळण्यात मोकळ्या झालेल्या ऊर्जेतली ९९ टक्के तोच घेऊन जातो. आकाशात जो प्रचंड स्फोट दिसतो तो उरलेल्याचा.

२३ फेब्रुवारी १९८७ रोजी अशा एका ताऱ्याची बातमी आली. तारा आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतला, दीड लाखाहून जास्त प्रकाशवर्षं दूर. जपानच्या कामिओका खाणीतल्या टाकीत ११ न्यूट्रिनो नोंदले गेले, अमेरिकेतल्या मिठाच्या खाणीत ८, कॉकेशसच्या डोंगराखाली ५. एकूण २४, आणि तेही साधारण दहा-बारा सेकंदांत. भिंतीत अडकण्याचा जो वेळ कागदावर मांडला होता, तोच. उजेड मागून आला, दोन-तीन तासांनी, कारण धक्क्याची लाट ताऱ्याच्या सगळ्या थरांतून चढून वर यायला तेवढा वेळ लागतो. कामिओकाचे मासातोशी कोशिबा निवृत्त व्हायला महिनाच उरला होता. दीड लाख वर्षांहून जास्त चाललेले पाहुणे, आणि त्यांची टाकी नेमकी तेव्हा भरून तयार!

थोरला दोरीपाशी गेला होता. माझ्या हातातलं सुतळीचं टोक आता त्याच्याकडे. तो ती तसूतसूनं पुन्हा आखडत होता.

"आजोबा, उलटं केलं तर? पुन्हा दाटी केली तर?"

यासाठीच मी पृथ्वी राखून ठेवली होती.

सूर्यातून रूप बदलून आलेले न्यूट्रिनो दिवसा थेट आपल्या डोक्यावर उतरतात. रात्री त्यांना आधी पृथ्वी ओलांडावी लागते. म्हणजे पुन्हा दगड, पुन्हा लोखंड, पुन्हा इलेक्ट्रॉन. सूर्याच्या मानानं ही दाटी अगदीच थोडी. तरी ओळखीचे चेहरे पुन्हा भेटतात, आणि काहींचा झोका थोडासा पहिल्या तांब्यात परत येतो. जपानच्या सुपर-कामिओकांदे या ५० हजार टन पाण्याच्या टाकीनं अठरा वर्षांच्या नोंदी ताडून २०१४ साली त्याची पहिली थेट खूण दाखवली. त्या टाकीला सूर्य दिवसापेक्षा रात्री सुमारे ३ टक्क्यांनी जास्त उजळ दिसतो.

"रात्री? जास्त?"

"हो. आत्ता. जमिनीखालून."

धाकटीनं पेला खाली ठेवला. ती चटईवरून बाजूला सरकली, फरशीवर पालथी झाली आणि गाल फरशीला लावून डोळे मिटून पडली.

"काही लागतं का?" थोरल्यानं विचारलं.

"थांब," ती म्हणाली. "येतंय."